कै. बाळू पालवणकर

चिंचवडहून पुणे ते कितीसे दूर! तेथील गोऱ्यांच्या क्लबात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चर्मकार कुळातील बाळू पालवणकर हे तरुण मासिक ४ रुपयांवर मैदानाची निगा राखीत. साहेबांच्या सरावासाठी त्यांनी डाव्या हाताने तासन्‌तास चेंडू टाकावेत. बॅट मात्र क्वचितच हाती यावी. पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्यांस आपल्या संघात घेतले. त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांस चाले. चहा मात्र त्यांस तंबूबाहेर, मातीच्या भांड्यातून! स्वकीयांची ही वागणूक मला अधिक बोचते.

१९०६ साली मुंबईस हिंदूंनी युरोपियनांस हरविले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली इंग्लंडात त्यांनी ११४ बळी मिळविले. तरीही हिंदु संघाचे नायकत्व त्यांस लाभले नाही. ते १९२३ साली धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळाले. १९५५ साली बाळू निवर्तले.