जनरल अरुणकुमार वैद्य

आमच्या नागपूर जिल्ह्यात कामठीला सैन्याची छावणी आहे. तिथले जवान पाहिले की मला जनरल अरुणकुमार वैद्य आठवतात.

त्यांचा जन्म १९२६ साली अलिबागला झाला. १९४५ साली ते सैन्यात गेले. त्यांची तुकडी रणगाड्यांची होती.

१९६५ साली पंजाबात असल उत्तर गावी मोठी लढाई झाली. शत्रूचे पॅटन रणगाडे नवे, आपले जुने. पण आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडले. पावसाळ्यात आमची बैलगाडी फसते ना, तसे पॅटन चिखलात फसले. उसात लपलेल्या आपल्या रणगाड्यांनी ते फोडले. वैद्य यांना महावीर चक्र मिळाले. १९७१ च्या युद्धात बसंतर नदीजवळ जमिनीत सुरुंग पेरले होते. तरी त्यांनी अरुंद वाटेने रणगाडे पलीकडे नेले. पुन्हा महावीर चक्र! १९८३ साली ते लष्करप्रमुख झाले.

१९८६ साली निवृत्त होऊन ते पुण्यात राहू लागले. १० ऑगस्टला बाजार करून स्वतः गाडी चालवत घरी येत होते. १९८४ च्या सुवर्णमंदिरातील कारवाईचा राग धरून अतिरेक्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. सुरुंगातून वाचले, आणि बाजारातून येताना गेले. मला खूप वाईट वाटले.

आता म्हातारे फौजी पिशवी घेऊन बाजारात दिसले, की मी त्यांना नमस्कार करतो.

– इयत्ता ४ थी