विश्लेषण : कर्करोगाचा धोका सांगणारा ‘बीएमआय’ आला कुठून?

लठ्ठपणा आणि कर्करोगाचा संबंध तपासताना ‘बीएमआय’ हमखास वापरला जातो. त्यामागचे सूत्र मांडणारे अडॉल्फ केटले डॉक्टर नव्हते, तर गणितज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ होते.

केटले यांचा जन्म १७९६ मध्ये आजच्या बेल्जियममधील गेंट शहरात झाला. १८१९ मध्ये त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. ब्रसेल्सची वेधशाळा त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. खगोलशास्त्रातील संख्याशास्त्र त्यांनी माणसांना लावले. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे त्यांनी १८३२ मध्ये दाखवले. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, आजार नव्हे. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९७२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हटले. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अतिरिक्त चरबीचा संबंध १३ कर्करोगांशी जोडला. मोठे आतडे, यकृत, गर्भाशय आणि रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग त्यांत आहेत.

मात्र बीएमआय चरबी आणि स्नायू वेगळे मोजत नाही. भारतीयांत कमी बीएमआयलाही पोटावर चरबी साठते. त्यामुळे आपल्याकडे २३ पासूनच वजन जास्त मानतात. कंबरेचा घेरही पाहावा : पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत.