भीमराव आंबेडकर यांची निवडणूक कारकीर्द

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे भारतीय विधिज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. आपल्या समाजाबाहेरील मतदारांना आपलासा वाटेल असा सह-उमेदवार निवडणे, हा प्रश्न १९३७ पासून १९५४ पर्यंत त्यांच्या निवडणूक-राजकारणात वारंवार उपस्थित झाला. रत्नागिरी जिल्ह्यात त्याचे यशस्वी उत्तर त्यांना सापडले. मुंबई व भंडारा येथे मात्र त्यांना पराभव पत्करावा लागला.

पार्श्वभूमी

आंबेडकरांचा जन्म महू येथे झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे होय. वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर हे कुटुंब काही काळ दापोली येथे राहिले.

अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळावेत, ही आंबेडकरांची मागणी होती. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागा वाढल्या, परंतु मतदारसंघ संयुक्त राहिले. परिणामी राखीव जागेचा निकालही बहुसंख्य सवर्ण मतदारांच्या हाती गेला.

रत्नागिरी आणि १९३७ ची निवडणूक

१५ ऑगस्ट १९३६ रोजी आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. जातीपेक्षा कष्टकरी वर्गाला आवाहन करणाऱ्या या पक्षाने राखीव जागांबरोबरच काही सर्वसाधारण जागाही लढविल्या. त्यासाठी महाड सत्याग्रहातील सहकारी अनंतराव चित्रे आणि भारत सेवक समाजात काम केलेले शामराव परुळेकर हे अस्पृश्येतर उमेदवार निवडण्यात आले. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले.

या भागात खोती पद्धत प्रचलित होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये सारा वसूल करणाऱ्या खोताचा जाच कुणबी व महार या दोन्ही समाजांतील कुळांना सोसावा लागे. या समान हितसंबंधामुळे दोन्ही समाजांना एकत्र आणणे शक्य झाले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला.

मतदानाची पद्धत

१९३७ मध्ये मुंबई प्रांतातील बहुसदस्य मतदारसंघांत जितक्या जागा तितकी मते मतदाराला असत आणि ती सर्व एकाच उमेदवाराला देता येत. त्यामुळे अल्पसंख्य समाजाला आपली मते एकवटता येत. मुंबई शहरातून आंबेडकर स्वतः प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचा पराभव करून निवडून आले.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ही सोय राहिली नाही. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला दोन मते असली तरी एका उमेदवाराला एकच मत देता येऊ लागले. हा कायदा संमत झाला तेव्हा आंबेडकर स्वतः केंद्रीय कायदामंत्री होते.

१९५२: अशोक मेहता यांच्याशी युती

पहिल्या लोकसभेसाठी देशात ८६ द्विसदस्य मतदारसंघ होते. त्यांपैकी उत्तर मुंबईतून आंबेडकर राखीव जागेसाठी उभे राहिले. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने समाजवादी पक्षाशी युती केली आणि सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता त्यांचे सह-उमेदवार झाले. फेडरेशनच्या मतदारांनी दुसरे मत मेहतांना आणि समाजवादी मतदारांनी आंबेडकरांना द्यावे, अशी अपेक्षा होती. सर्वसाधारण जागेवर कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगेही उभे असल्याने कामगारवर्गाची मते विभागली.

काँग्रेसचे विठ्ठल गांधी आणि नारायण काजरोळकर विजयी झाले. आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली. काजरोळकरांपेक्षा ती सुमारे १४ हजारांनी कमी होती. मेहतांना आंबेडकरांहून अधिक मते मिळूनही ते पराभूत झाले. ७४,३३३ मतपत्रिका बाद ठरल्याकडे लक्ष वेधून दोघांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. परंतु निकाल कायम राहिला. याच निवडणुकीत सोलापूरमधून फेडरेशनचे पां. ना. राजभोज राखीव जागेवर आणि शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे सर्वसाधारण जागेवर निवडून आले. आंबेडकर त्याच वर्षी राज्यसभेचे सदस्य झाले.

भंडारा पोटनिवडणूक

१९५४ मध्ये भंडारा येथे आंबेडकर व मेहता पुन्हा एकत्र लढले. कार्यकर्त्यांच्या आठवणींनुसार, दुसरे मत कोणालाच न देण्याची सूचना काहींनी केली होती. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. मेहता विजयी झाले, तर राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी आंबेडकरांचा पराभव केला. ही त्यांची अखेरची निवडणूक ठरली.

नंतरचा काळ

आंबेडकरांच्या निधनानंतर काही महिन्यांनी झालेल्या १९५७ च्या निवडणुकीत फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सहभागी झाले आणि दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले आणि सह-उमेदवार निवडण्याचा प्रश्नही त्यांच्याबरोबर संपला.