डॉक्टर जॉन स्नो

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास उपाशी ठेवावयाचे, ही आज्ञा आमच्या शहरातील घाटी रुग्णालयात काय किंवा अन्यत्र काय, घरच्या माणसांस निष्ठुर वाटते. भुकेने रडणाऱ्या लेकराच्या मुखी चोरून एक घास घालावा, असे आईच्या मनात येते. या आज्ञेमागील दया समजण्यास डॉक्टर जॉन स्नो यांचे चरित्र आम्हांस फार उपयोगी वाटते.

स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडातील यॉर्क शहरी एका मजुराच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसल येथे एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारीस राहिले. १८३१ साली पटकीच्या साथीत त्यांनी खाणीतील मजुरांची शुश्रूषा केली. पटकी दूषित पाण्याने पसरते, हे त्यांनीच पुढे लंडनमध्ये दाखवून दिले.

१८४६ साली अमेरिकेत ईथरचा व १८४७ साली स्कॉटलंडात क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू झाला. शस्त्राच्या वेदना टळल्या. परंतु शुद्धीवर येताच मळमळ व वांती यांनी रोगी व्याकुळ होऊ लागले. स्नो यांनी रोग्यांची टिपणे काळजीपूर्वक ठेविली. नुकत्याच जेवलेल्या रोग्यास वांती अधिक होते व शस्त्रक्रियेनंतर लगेच हलविल्यानेही ती उद्भवते, असे त्यांस आढळले. म्हणून अगोदरची न्याहारी अल्प असावी, असे त्यांनी सांगितले. १८५३ साली प्रसूतिसमयी राणी व्हिक्टोरिया यांस त्यांनी क्लोरोफॉर्म दिले. तथापि त्यांच्या वहीत राणीप्रमाणेच सामान्य रोग्यांच्याही नोंदी आहेत.

क्लोरोफॉर्मवरील ग्रंथ लिहीत असताना, १६ जून १८५८ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी ते निवर्तले. पुढे १८८८ व १८८९ साली, आमचे शहर त्या काळी ज्या हैदराबाद संस्थानात होते तेथेही, निजामांच्या आश्रयाने क्लोरोफॉर्मच्या धोक्यांची चौकशी झाली.

आज वांती रोखणारी उत्तम औषधे आहेत. तरीही बेशुद्धावस्थेत गिळण्याची व खोकण्याची शक्ती मंदावते आणि पोटातील अन्न फुप्फुसात शिरून प्राणावर बेतू शकते. यास्तव सामान्यतः ६ तास अन्न व २ तास पाणीही वर्ज्य असते. नेमकी वेळ डॉक्टरांनी सांगावी व आपण पाळावी. चुकून काही खाल्ले असल्यास ते निःसंकोच सांगावे, लपवू नये.

मजुराच्या या पुत्राने रोग्याचे लहानसे दुःखही क्षुद्र मानिले नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी हाच गुण अंगी बाणवावा, अशी आमची इच्छा आहे.