जेऊरची दोन मिनिटे

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर म्हणजे आगगाडी क्षणभर थांबून पुढे जाते असे लहानसे गाव. परंतु २२ जानेवारी १८९८ रोजी तेथे तंबू पडले होते व दुर्बिणींची तोंडे सूर्याकडे वळली होती. एक तळ अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा. दुसरा पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा.

कावसजींचा जन्म १८५७ सालचा. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात एम. ए. होऊन १८८२ मध्ये ते तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. त्याच वर्षी भावनगरच्या महाराजांनी प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले. सरकारने तेवढीच भर घातली. १८८४ मध्ये कावसजी इंग्लंडला जाऊन तेथील ज्योतिर्विदांना भेटले आणि प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारावी, असे त्यांनी ठरविले. १८८८ मध्ये तख्तसिंगजी वेधशाळा सिद्ध झाली. पुढे तेथे बसविलेल्या वीस इंची दुर्बिणीएवढी मोठी दुर्बीण त्या काळी भारतात दुसरी नव्हती.

त्या दिवशी चंद्राची छाया कोकणातून जेऊर, पुलगाव अशी ईशान्येकडे धावणार होती. चंद्रपूरकरांना सूर्याची कोर तेवढी दिसणार होती. जेऊरला मात्र सुमारे दोन मिनिटे पूर्ण काळोख! सूर्याच्या अगदी निकट जे अंधुक असते, ते त्याच्या तेजापुढे लोपते. ते टिपण्याची संधी एवढीच. बुधाच्याही आत एखादा ग्रह फिरत असावा, अशी त्या काळी अनेकांना शंका होती व खग्रास ग्रहणांत त्याचा शोध चाले. (असा ग्रह नाही, हे पुढे कळले.) कावसजींचे लक्ष्य निराळे होते. बिंब झाकले जाताच सूर्यावरील वातावरणाच्या पातळ थराचा प्रकाश काही क्षणच वेगळा दिसतो. तो लोलकातून नेऊन त्याचा वर्णपट काचेवर उतरवावयाचा होता. काच सरकविण्यास क्षणभर उशीर झाला, तर साऱ्या महिन्यांचे श्रम वाया!

आकाश निरभ्र राहिले. काळोख पडला, काचा बदलल्या गेल्या आणि पाहता पाहता ऊन परतले. वर्णपट काचांवर उतरला होता. त्याचा सविस्तर अहवाल कावसजींनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केला.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करण्यात आली. तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. कावसजी त्यानंतर सव्वीस वर्षे, १९३८ पर्यंत, हयात होते.