सोनाराचे माप आणि विठ्ठलाची कंबर

माघ वद्य तृतीया ही संत नरहरी सोनार यांची पुण्यतिथी. जामनेरसह खान्देशातील गावोगावचे सोनार या दिवशी त्यांचे स्मरण करतात. त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, भजन होते आणि पंगती उठतात. जळगावची ओळख सुवर्णनगरी अशी असली, तरी या जिल्ह्यातील सोन्याचा व्यवसाय केवळ जळगावच्या सराफ बाजारात वाढलेला नाही; तालुक्याच्या गावांतील छोट्या पेढ्यांनीही तो जोपासला. त्या पेढ्यांवर तयार दागिना घेण्याची रीत फार जुनी नाही. पूर्वी लग्न ठरले की सोनाराला निरोप जाई. तो मनगटाला दोरा गुंडाळून गाठ मारी, बोट दाबून पाही, गळ्याला सरी कुठवर येईल याचा अंदाज घेई आणि मग शेगडी पेटवी. खडा कोणता, कोंदण कसे, घाट कोणता, हे सारे गिऱ्हाईकाच्या सांगण्यावरून ठरे. माप मात्र सोनाराचे. ते चुकले तर दागिना परत येई आणि त्याबरोबर थोडी अब्रूही जाई.

नरहरींच्या चरित्रातील सर्वांत मोठा प्रसंग नेमका अशाच एका चुकलेल्या मापाचा आहे.

नरहरी तेराव्या शतकातले, पंढरपूरचे राहणारे. ज्ञानदेव आणि नामदेव यांच्या संतमेळ्यात परंपरा त्यांची गणना करते. महाराष्ट्रावर तेव्हा देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. विठ्ठल मंदिराला दाने देणाऱ्यांची नावे कोरलेला चौऱ्याऐंशीचा शिलालेख याच काळातला, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या वर्षांचा. त्यात रामदेवराव यादवाचा आणि त्याचा करणाधिप हेमाद्री याचाही उल्लेख आहे. (या शिलेला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची समजूत असल्याने तिच्यावरची अक्षरे बरीच झिजली, हेही इथे सांगायला हवे.) राजापासून व्यापाऱ्यापर्यंत सारे ज्या देवाला काही ना काही अर्पण करीत होते, त्या देवाच्या गावात एका कसबी सोनाराला कामाची वाण पडण्याचे कारण नव्हते.

अडचण एकच होती. नरहरी कडवे शिवभक्त होते. पंढरपुरातल्या मल्लिकार्जुनाच्या पूजेत त्यांचा दिवस सुरू होई. विठ्ठलाच्या देवळाची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. कळसावरही नजर पडू नये म्हणून ते मान खाली घालून चालत, असे सांगतात. या हट्टाकडे आज आपण सहज हसून पाहतो. पण शैव आणि वैष्णव यांच्यातील दुरावा त्या काळी रोजच्या वागण्यात उतरलेला होता. शिवाय गावातले बहुतेक गिऱ्हाईक विठ्ठलाचे असताना असा नेम पाळणे धंद्याच्या दृष्टीनेही सोपे नसणार.

ताहराबादच्या महिपतींनी इ. स. १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तिविजयात नरहरींची कथा आली आहे. कीर्तनकारांनी ती पुढे घरोघर नेली, आणि सांगणाऱ्यागणिक तपशील थोडे बदलत गेले. तिचा गाभा असा. एका सावकाराने पुत्र व्हावा म्हणून विठ्ठलाला नवस केला. मुलगा झाला. देवाच्या कमरेला रत्नजडित सोन्याचा करगोटा वाहायचा, तोही उत्तम कारागिराकडून घडवून, असे त्याने ठरवले. गावाने बोट दाखवले ते नरहरींकडे. नरहरींनी काम नाकारले नाही, पण देवळात येऊन माप घेण्यास मात्र साफ नकार दिला. तेव्हा सावकार स्वतः देवळात गेला आणि माप घेऊन आला.

विठ्ठलाची मूर्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या कामाची खोच चटकन कळेल. दोन्ही हात कमरेवर टेकलेले, एका हातात शंख आणि दुसऱ्यात कमळाचा देठ. कमरेभोवती दागिना बसवायचा तर तो कोपरांच्या आतून, हातांच्या खालून फिरवून आणावा लागतो. दोरा कुठून फिरवला, किती ताणला, गाठ कुठे मारली, यावर बोटा-दोन बोटांचा फरक पडणारच. त्यातून दागिना जडावाचा. नुसती साखळी असती तर कडी काढली, कडी घातली की भागले असते. कोंदणात खडे बसवलेला करगोटा लहानमोठा करायचा म्हणजे जोड उकलायचे, पुन्हा डाग द्यायचा, आणि ती आच खड्याला लागू नये म्हणून जीव मुठीत धरायचा.

करगोटा तयार झाला. सावकाराने तो देवाला बांधून पाहिला, तर चार बोटे सैल. नरहरींनी तो कमी करून दिला, तर चार बोटे आखूड. पुन्हा वाढवला, पुन्हा सैल. गुंजेच्या आठव्या भागाचा हिशेब ठेवणाऱ्या हाताला असे होणे म्हणजे काय, हे ज्याने कधी हत्यार धरले आहे त्यालाच समजावे. कीर्तनात या ठिकाणी देवाची लीला सांगितली जाते आणि श्रोते सुखावतात. मला मात्र इथे आधी दिसतो तो कारागिराचा संकोच. पैसे घेतलेले, गिऱ्हाईक दारात उभे, दोष कुणाला द्यावा कळत नाही. आणि दोष मापाचा आहे हे ठाऊक असूनही ते माप स्वतः घ्यायला मन तयार नाही. दागिना ज्याच्या अंगावर चढायचा त्याला न भेटता तो घडवायला घेतला, ही चूक कोणत्याही सोनाराने मान्य केली असती. नरहरींनीही मनोमन केलीच असणार.

शेवटी त्यांनी मधली वाट काढली. डोळ्यांवर पट्टी बांधून देवळात जायचे, हातांनी चाचपून माप घ्यायचे आणि परतायचे. सावकाराने हात धरून त्यांना गाभाऱ्यात नेले. नरहरींनी कमरेला हात लावला तो बोटांना व्याघ्रचर्म लागले. वर चाचपले तर गळ्यात सर्प, मस्तकी जटा, पाच मुखे आणि दहा भुजा. हा तर आपलाच महादेव, म्हणून त्यांनी घाईने पट्टी सोडली. समोर विटेवरचा विठ्ठल उभा होता. पुन्हा पट्टी बांधली, तो हाताखाली पुन्हा शंकर. असे दोन-तीनदा झाले आणि मग त्यांनी ती पट्टी काढून टाकली. करगोटा कमरेला बरोबर बसला.

चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. नरहरींना जे कळले ते कुणा पंडिताच्या वादाने कळले नाही, बोटांनी कळले. विठ्ठलाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे, हा हरिहर ऐक्याचा विचार वारकरी संप्रदायाने आवर्जून जपला. पण त्या विचारापर्यंत माप घेण्याच्या निमित्ताने पोचलेले संत हे एकच.

यापुढे ते वारकरी झाले, मात्र दुकान बंद केले नाही. त्यांचे अभंग संख्येने फार थोडे. त्यांतील सर्वाधिक गायला जाणारा अभंग तर पूर्णपणे सोनाराच्या शेगडीपुढे बसून रचलेला वाटतो. देह ही शेगडी आणि आत्मा हे सोने ठरते. मूस त्रिगुणांची आहे, हातोडा विवेकाचा आणि तराजू ज्ञानाचा. यात एक मिस्कील जागाही आहे. सोनार गिऱ्हाईकाच्या सोन्यातून थोडे कातरून ठेवतो, हा जगाचा जुना संशय. नरहरी तो नाकारीत बसत नाहीत. आपणही कातरी चालवतो, असे ते कबूल करतात, फक्त चोरलेला ऐवज रामनामाचा असतो. स्वतःच्या धंद्यावरचा आरोप इतक्या मोकळेपणाने अंगावर घेणारा कवी विरळा.

नरहरींची समाधी पंढरपुरातच आहे. जळगाव जिल्ह्यातून मुक्ताबाईंची पालखी दरवर्षी आषाढीसाठी मुक्ताईनगरहून निघते, आणि तापीकाठचा हा मेळा कित्येक दिवसांची वाट चालून चंद्रभागेला पोचतो. त्यात शेतकरी असतात तसे सोनारही असतात. सणावाराला विठ्ठल आजही दागिने लेतो. शिरपेच, मोत्याची कंठी, बाजूबंद, असे एकेक चढत जाते आणि कमरेचा अलंकार बांधताना सेवेकऱ्यांचे हात देवाच्या कोपरांच्या आतूनच फिरतात.