नापास झालेले एक वर्ष

बँकेच्या नोकरीत ताळेबंद पाहण्यात माझा जन्म गेला. खर्ची पडलेली एखादी रक्कम खरे तर गुंतवणूक होती, हे कधी कधी फार उशिरा उमगते. लोकमान्य टिळकांच्या आयुष्यातले १८७३ हे साल असेच खर्ची पडले, असे तेव्हा पुष्कळांना वाटले असेल.

त्या साली सोळा वर्षांचे बळवंतराव पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. आई लहानपणीच गेलेली. वडील गंगाधरपंत आदल्याच वर्षी, १८७२ च्या ऑगस्टमध्ये निवर्तलेले. लग्न झालेले आणि प्रकृती तोळामासा. बुद्धी मात्र तल्लख, त्यातही गणितात विशेष. अशा मुलाने पुस्तकात डोके घालून झटपट पदवी पदरात पाडून घ्यावी, हाच शहाणपणाचा मार्ग. बळवंतरावांनी नेमके उलटे केले. कॉलेजचे पहिले वर्ष त्यांनी शरीराला देऊन टाकले.

जोर-बैठका, कुस्ती, नदीत पोहणे, नाव वल्हवणे आणि त्याला साजेसा आहार, असा तो क्रम होता. वर्षअखेरीस परीक्षेत ते नापास झाले. पण कॉलेजातून बाहेर पडताना गणित घेतलेली पहिल्या वर्गाची पदवी त्यांच्या हाती होती आणि किरकोळ अंगाचा मुलगा भरदार गडी झाला होता.

व्यायामाचा हिशेब सरळ असतो. सहज जमते तेवढेच रोज केले, तर शरीर आहे तिथेच राहते. सवयीपेक्षा थोडा अधिक भार पडला, की पुढच्या विश्रांतीत स्नायू पूर्वीपेक्षा बळकट होतात. वीस जोर लीलया निघत असतील, तर कमाई एकविसाव्यापासून सुरू होते. तो एकविसावा काढताना छाती भरून येते, हात थरथरतात आणि मन सांगते, आता पुरे. त्या क्षणी मनाचे न ऐकण्याचा सराव वर्षभर रोज झाला, तर त्यातून केवळ दंडच घडत नाहीत.

याचा प्रत्यय पुढे आला. १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगातल्या अन्नाने आणि कष्टाने त्यांचे वजन झपाट्याने उतरले. कमावलेले शरीर काही महिन्यांत ओसरू लागले. शिक्षेचा काही काळ त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात काढला. डेक्कन कॉलेज तिथून जवळच. ज्या परिसरात त्यांनी शरीर घडवले, तिथेच पंचवीस वर्षांनी ते झिजत होते. १८९८ च्या सप्टेंबरात सुटल्यावर ते विश्रांतीसाठी सिंहगडावर गेले आणि नंतर पुन्हा कामाला लागले.

खरी परीक्षा १९०८ साली झाली. वय बावन्न, मधुमेह जडलेला आणि मंडालेची सहा वर्षे. लाकडी फळ्यांच्या कोठडीत उन्हाळा भाजून काढी. पथ्य सांभाळत, दिनक्रम न मोडता, १९१०-११ च्या हिवाळ्यात अवघ्या काही महिन्यांत त्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई गेल्या, तेव्हाही ते तिथेच होते. १९१४ च्या जूनमध्ये ते परतले आणि पुन्हा राजकारणात उतरले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचा देह पडला, तेव्हा वय चौसष्ट होते.

तालमीने त्यांना मधुमेहापासून वाचवले नाही, दीर्घायुष्यही दिले नाही. व्यायाम म्हणजे आरोग्याचा विमा असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कमावलेले मांस तर तुरुंगाने आणि रोगाने वसूल केले. शिल्लक राहिली ती ‘आता पुरे’ या आतल्या सल्ल्याला न जुमानण्याची सवय. ती त्या एका वर्षात लागली, हे माझे अनुमान. पण चरित्र वाचताना ते टाळता येत नाही.

साठीनंतर मी पर्वती चढू लागलो. अर्ध्या वाटेवर धाप लागते, टेकायला कट्टा दिसतो. डॉक्टरांनी घातलेली मर्यादा मी ओलांडत नाही. पण त्या मर्यादेच्या बरीच अलीकडे आळसाने आखलेली एक रेघ असते, हे आता कळू लागले आहे. आपल्या मुलाचे एखादे वर्ष असे वाया जाऊ देण्याची छाती आपल्यापैकी किती आईबापांना होईल? माझ्या मुलाच्या वेळी मला झाली नाही.